साखरेचा डबा आणि पी-५३

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज उगवतो. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सर साखरेवर जगतो, हे शोधल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांना १९३१ साली नोबेल मिळालं, साखर बंद करा, गरम पाण्यात लिंबू पिळून प्या म्हणजे रक्त अल्कधर्मी होईल, खोबरेल तेल घ्या, गाठ उपाशी मरेल. एरवी मी वाचून पुढे जातो. पण या वेळी मावशीने दुसऱ्या केमोनंतर चहातली साखर सोडली, मग भात, मग केळं, आणि तीन आठवड्यांत तिच्या बांगड्या कोपराकडे घसरायला लागल्या. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी नोबेलचं. ते मिळालं पेशीतल्या श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामाला. कॅन्सरचा त्यात उल्लेखही नाही. गाठींवरचं त्यांचं काम वेगळं, १९२०च्या दशकातलं. हाताशी ऑक्सिजन असूनही गाठीच्या पेशी भराभर ग्लुकोज ओढतात आणि ते पुरतं न जाळता लॅक्टिक आम्ल करून सोडतात, हे त्यांनी पाहिलं. निरीक्षण अस्सल. ‘पेशीचं श्वसन बिघडतं म्हणून कॅन्सर होतो’ हा त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही, कारण कित्येक गाठींमधलं मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतलं ऊर्जाघर, ठणठणीत असतं.

‘कॅन्सर साखरेवर जगतो.’ अहो, साखरेवर कोण जगत नाही? एकटा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज संपवतो. मावशीच्या पेट स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरून पाहिली. तपासणीआधी टोचलेलं किरणोत्सारी ग्लुकोज जिथे जास्त गेलं तिथे काळं दिसतं. गाठ काळी होती, आणि मेंदूही काळाकुट्ट. मेंदूत गाठ नव्हती, तो नेहमीसारखा जेवत होता.

खरा प्रश्न वेगळा आहे: गाठीची पेशी इतकं का ओढते? इथे कोठीची किल्ली सांभाळणारी प्रथिनं येतात, ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होऊ न देणारी. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पी-५३. ते १९७९ साली सापडलं आणि दहाएक वर्षं त्यालाच गुन्हेगार समजत होते. १९८९च्या सुमारास कळलं की हा तर पहारेकरी. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं सापडतं. डीएनए खराब झाला की पेशीचं विभाजन थांबवणं हे त्याचं प्रसिद्ध काम. पण ते चयापचयही सांभाळतं. ग्लुकोज आत घेणाऱ्या दारांची संख्या ते आवरतं, टायगर नावाच्या प्रथिनाकरवी ग्लुकोज फोडण्याचा वेग कमी करतं, आणि एससीओ-२ नावाचं एक प्रथिन बनवून घेतं. हे एससीओ-२ नसेल तर मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज नीट जुळत नाही. आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज म्हणजेच वारबुर्ग यांचं ते नोबेलवालं एन्झाइम! पी-५३ आणि एससीओ-२ यांचा हा संबंध २००६ साली उघड झाला. नोबेल आणि कॅन्सर, मेसेजवाल्याने चुकून ज्या दोन गोष्टींची गाठ मारली, त्यांना जोडणारा धागा खरोखरच आहे. फक्त तो जनुकांमधून जातो, स्वयंपाकघरातून नाही.

पीटेन हे दुसरं. ‘अन्न आलंय, आत घ्या’ हा इन्शुलिनचा निरोप पेशीत शिरला की काही वेळाने तो पुसायचं काम याचं. पीटेन गेलं की पंगत उठली तरी वाढपी वाढतच राहतो.

‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते.’ रक्तातलं ग्लुकोज साखरेच्या डब्यावर अवलंबून नसतं. खाणं तोडलं तर स्नायूंमधली प्रथिनं मोडतात, त्यातून यकृत ग्लुकोज तयार करतं, आणि उपाशीपोटीही पातळी दर डेसिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास राखतं. गाठीला ग्लुटामिन (प्रथिनांमधलं एक अमिनो आम्ल) आणि चरबीही चालते. त्यात आणखी एक गोम. ऊर्जा कमी पडली की ‘आता वाढ थांबवा’ हा निरोप एलकेबी-१ नावाचं ट्यूमर सप्रेसर पुढे पोचवतं. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये तेच हरवलेलं असतं. म्हणजे उपास शरीराला कळतो, अशा गाठीपर्यंत तो निरोप धड पोचतच नाही. बांगड्या का घसरल्या ते यावरून ओळखा.

लिंबाने रक्त अल्कधर्मी होत नाही. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्येच ठेवतात. खोबरेलाबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

एक मात्र मान्य. जास्त गोड खाऊन वजन वाढतं, आणि लठ्ठपणामुळे गर्भाशयाच्या, मोठ्या आतड्याच्या आणि पाळी गेल्यानंतर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर केमोच्या काळात रक्तातल्या साखरेवर लक्ष ठेवावंच लागतं. मेसेजमध्ये एवढंच असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

मावशीला मधुमेह नाही. तिच्या आहारतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिलंय: रोज एक अंडं, दोन्ही वेळा मऊ वरणभात, दुपारी केळं, चहात साखर चालेल. लिंबूही आहे यादीत, वरणावर पिळायला.