१४ टक्के टेंडर व्होट झाले की फेरमतदान? असा नियमच नाही

लोकसभेची निवडणूक लागली की वडोदऱ्यात, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवून ४९-अ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, तुमच्या नावावर कुणी मत टाकून गेलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, केंद्रावर टेंडर व्होट १४ टक्के झाले की फेरमतदान होतं.

चॅलेंजची गोष्ट साफ चूक. १९६१च्या निवडणूक नियमांतला ४९-अ मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज मतदार करतच नाही. “हा तो माणूस नव्हे” असा आक्षेप उमेदवाराचा पोलिंग एजंट २ रुपये रोख भरून घेतो. यादीत नाव नसेल तर आधारच काय, मतदार कार्ड दाखवूनही मत देता येत नाही. नाव नोंदवायचा अर्ज, म्हणजे नमुना ६, आधीच भरावा लागतो, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत नाव घालता येत नाही. मतदानाच्या सकाळी हा मेसेज वाचून निघालेल्याचा हेलपाटा फुकट जातो, याचं वाईट वाटतं.

टेंडर व्होट मात्र खरा हक्क आहे, आणि लोक चिडून घरी परततात म्हणून तो वाया जातो. बोटाला शाई नाही आणि यादीत तुमच्या नावावर खूण झालेली आहे? थेट केंद्राध्यक्षांकडे जा. ओळख पटली की टेंडर मतांच्या यादीवर, म्हणजे नमुना १७-ब वर, सही करा. मग कागदी मतपत्रिका आणि फुलीचा शिक्का मिळतो. आडोशाला जाऊन शिक्का मारा, घडी घालून मतपत्रिका केंद्राध्यक्षांच्या हाती द्या; ती वेगळ्या लिफाफ्यात जाते. यंत्राचं बटण दाबू देण्याचा हट्ट धरू नका, तशी मुभा त्यांना नाही.

हा लिफाफा मतमोजणीच्या दिवशी उघडत नाहीत. निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका झाली आणि फरक अगदी थोडा असला, तरच त्या मतांना वजन येतं. २००८ साली राजस्थानात नाथद्वाराची जागा एका मताने गेली, तेव्हा वाद टेंडर मतांपर्यंत पोचला होता. आपल्याच वडोदऱ्यात १९९६ची लोकसभा १७ मतांनी ठरली. तेवढ्या फरकात एकेका सहीला किंमत असते.

१४ टक्क्यांचा आकडा कुठल्याच कायद्यात नाही. फेरमतदान होतं ते यंत्र बिघडलं, नासधूस झाली, गंभीर अनियमितता झाली किंवा केंद्र बळकावलं तर, आणि तेही निवडणूक आयोगाच्या आदेशाने. केंद्राला टेंडरच्या मतपत्रिका मुळात २०च देतात, लागल्या तर आणखी मागवतात. ७०० मतं पडलेल्या केंद्रावर १४ टक्के म्हणजे ९८ होतात, त्या २०च्या कितीतरी पुढे.