ब्रेक त्याचा, आचके माझे

मी गाडी बरी चालवतो, असं माझं मत आहे. मावशीच्या मते गाडी देव चालवतो, मी नुसता स्टिअरिंग धरून बसतो. ती मागच्या सीटवर असली की प्रवासभर हीच वाटणी. पुढचा ट्रक अचानक थांबला आणि मी वेळेत ब्रेक लावला, की "देवच धावून आला रे बाबा!" गिअर बदलताना गाडीनं जरा आचका दिला, की "अरे, तुझं लक्ष कुठंय?"

आता ताशी 60 किलोमीटरच्या वेगात, माणूस चमकून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत एक सेकंद जरी गेला, तरी गाडी साधारण 17 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून मी पुढच्या गाडीपासून ऐसपैस अंतर ठेवतो. त्या मोकळ्या जागेत दुसरे घुसतात आणि मागून आवाज येतो, "किती हळू चालवतोस रे!" म्हणजे ज्या सवयीमुळे बाई वाचते, त्या सवयीबद्दल मला बोलणी, आणि वाचल्याबद्दल वर नमस्कार!

सीटबेल्टची तीच गत. तीन जागी अडकणारा हा पट्टा निल्स बोहलिन या अभियंत्यानं 1959 मध्ये व्होल्वोसाठी तयार केला. (त्याआधी तो लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा. माणूस उडवायचा कसा आणि धरून ठेवायचा कसा, दोन्ही त्याला ठाऊक.) मावशीच्या लेखी हा पट्टा फक्त गळ्याला काचतो. धरून ठेवणारा वेगळाच.

देवाशी माझं भांडण नाही. त्यानं स्वतः कधी माझ्या रिव्हर्स पार्किंगवर हक्क सांगितलेला नाही. हा सगळा उद्योग मधल्या लोकांचा. आणि कौशल्य फारच डोळ्यांवर आलं की देवच लागतो असंही नाही, सैतानही चालतो. व्हायोलिनवादक पागानिनीला लहानपणी बापानं तासन्‌तास रियाजाला जुंपलं होतं. पुढे लोक म्हणाले, यानं आत्मा विकलाय. बिचाऱ्याला आपण माणसाच्याच पोटी जन्मलो हे पटवायला आईचं पत्र छापावं लागलं.

एकदा मी पुराव्यानिशी वाद घालायचं ठरवलं. मावशीला सांगितलं, 15 जानेवारी 2009. न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाला पक्षी धडकले, दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन सलेनबर्गरनं साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर उतरवलं. सगळे 155 जण वाचले. लोक त्याला चमत्कार म्हणतात, पण त्या माणसाच्या गाठीशी उड्डाणाचे सुमारे 20,000 तास होते. शेजारी सहवैमानिक स्काइल्स इंजिन पुन्हा सुरू करायच्या सूचना एकेक करून तपासत होता. यात चमत्कार कुठला?

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "आणि आयत्या वेळी तिथं नदी कोणी ठेवली?"

मी आरशात बघितलं. तिच्या शेजारी बसलेली मावसबहीण तोंडावर ओढणी धरून हसत होती. हिचं शिकाऊ लायसन्स नुकतंच आलेलं. माझी बाजू सावरायला की काय, ती म्हणाली, "दादा, मला शिकवशील का रे गाडी?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "त्याच्याकडून काय शिकणार तू? त्याचं सगळं वरूनच चाललंय. तू आपली क्लास लाव."