यादी वहिनीच्या हातात

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आरोग्यावर व्याख्यान होतं. रविवार, त्यात फुकटचे पोहे-चहा, म्हणजे अर्धी बिल्डिंग हजर. वक्ता तिशीतला, सुटाबुटातला. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं सगळ्यांना घाबरवून सोडलं. सांधे दुखतात? इन्फ्लमेशन, म्हणजे अंगातली सूज. शुगर? इन्फ्लमेशन. चिडचिड होते, केस गळतात, झोप लागत नाही? तेच. मग पडद्यावर लालभडक आतडं. मग, पोह्यांच्या बशा गोळा होत असताना, टेबलावर पावडरींचे डबे. तीन महिन्यांचा कोर्स. किंमत इथे लिहीत नाही, पण ऐकून शेजारच्या काकांचा चहा ठसक्यात गेला.

डबे विकले याचा मला राग नाही. पुण्यात चार खुर्च्या मांडल्या की कोणीतरी काहीतरी विकायला येतंच. राग आला तो शेवटच्या वाक्याचा. हात जोडून म्हणतो कसा, "घरातल्या माउलीनं मनावर घेतलं ना, तर अख्खं घर इन्फ्लमेशनमुक्त होईल!" टाळ्या. पुरुषांच्या जरा जास्तच. आणि पुढच्या रांगेतल्या बायका मान खाली घालून मोबाईलमध्ये उतरवून घेतायत.

मला वहिनी आठवली.

माझा थोरला भाऊ लहानपणापासून किडकिडीत. आजी त्याला काडी पहिलवान म्हणायची. पन्नाशी उलटली तरी कॉलेजातला पट्टा वापरतो, फक्त तो आता पोटाच्या खाली बांधतो, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. रात्री दहाला जेवायचं, वर मिठाईचा तुकडा, आणि "आपल्याला काय होतंय" म्हणून सोफ्यावर आडवं. मग ऑफिसच्या तपासणीत शुगर वाढलेली निघाली, लिव्हरवर चरबी, आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, तीनच्या बरंच वर. दादा-वहिनीबरोबर मीही गेले होते आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. जुने डॉक्टर, कमी बोलणारे. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, दादाला उभं केलं, शर्ट वर करायला लावला आणि ड्रॉवरमधून शिंप्याकडे असते तसली टेप काढली. हातपाय काड्या, आणि टेप पोटावरून फिरली तर ९७ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत पाहिजे, बायकांना ८० च्या. दादानं चक्क पोट आत ओढलं. डॉक्टर म्हणाले, "सोडा श्वास, शाळेत नाही आपण."

मग त्यांनी यादी लिहिली. तेल निम्मं. मैदा, बेकरी बंद. रोज एक पालेभाजी, एक उसळ. ज्वारी-बाजरी. जेवण आठच्या आत. चालणं. लिहून झालं, कागद फाडला, आणि दादाच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "वहिनी, हे आता तुमच्याकडे हं." वहिनीनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

पोट कोणाचं मोजलं आणि कागद कोणाच्या हातात गेला, एवढंच बघा.

यादीत चूक काहीही नव्हती. डॉक्टरांवर माझा डूख नाही, माणूस सज्जन आहे. आणि बारीक माणसाच्या पोटात काय दडलेलं असतं हे तर पुण्यानंच जगाला दाखवलंय. आपल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन, दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. वजनकाट्याला दोघं सारखेच. आपण लोक दिसतो बारीक आणि आतून चरबी बाळगून असतो. कातडीखालची चरबी त्यामानानं गप्प असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते ती मात्र सतत काहीबाही रसायनं सोडत राहते, तिथलं रक्त थेट लिव्हरकडे जातं, आणि लिव्हर सीआरपी तयार करायला घेतं. बोट कापल्यावर जी सूज येते ती आपलं काम करून निघून जाते. ही जात नाही. दिसत नाही, ठणकत नाही, वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या खराब करत राहते. म्हणजे तो सूटवाला सगळंच खोटं बोलत नव्हता. हे मला चडफडत मान्य आहे.

पण मग औषध म्हणून डबा?

त्यातल्या एका डब्यात हळद होती. हळद! ज्या हळदीच्या पेटंटसाठी आपण अमेरिकेशी भांडलो. १९९५ मध्ये तिथे जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. ते रद्द करायला लावलं सरकारी संशोधन संस्थांची परिषद असलेल्या सीएसआयआरनं. तिचे तेव्हाचे प्रमुख आपले माशेलकर, आधी इथेच पाषाण रोडला एनसीएल या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे संचालक होते. एवढं करून आता तीच हळद आम्हाला चकचकीत डब्यात, दसपट भावानं. हळदीतलं गुणाचं म्हणतात ते द्रव्य, कर्क्युमिन, असतं जेमतेम तीनेक टक्के, आणि तेही अंगी लागता लागत नाही. मिरीबरोबर जास्त लागतं, म्हणून तर डब्यावर मिरीचं चित्र. भाजीत घाला, आमटीत घाला, उत्तम. पण जास्त ताकदीच्या हळदीच्या गोळ्या घेऊन लिव्हरला इजा झालेली माणसंही डॉक्टरांनी पाहिलेली आहेत. ते नाही सांगितलं सूटवाल्यानं.

असो. हळदीवर घसरले. मुद्दा वहिनीचा.

त्या यादीनंतर वहिनीचा दिवस कसा झाला ते सांगते. ती शाळेत शिक्षिका, सकाळची शाळा. आधी पाचला उठायची, आता साडेचारला. कारण दादाला भाकरी, मुलाला पोळी (तो भाकरीला हात लावत नाही) आणि सासऱ्यांना, म्हणजे आमच्या बाबांना, दात नाहीत म्हणून मऊ भात. पालेभाजी रोज म्हणजे मंडईतून आणणं, निवडणं, तीनदा धुणं. शेपूची एक जुडी निवडून बघा कोणीतरी एकदा. तिच्या अंगठ्याच्या पेराला हिरवट-काळा डाग पडलाय, तो आता साबणानं निघत नाही. उसळ म्हणजे आदल्या दिवशीची आठवण. आठच्या आत जेवण म्हणजे शाळेतून येऊन दोन तास पाठ टेकायची ती वेळ गेली. रात्री ओटा आवरून, कडधान्य भिजत घालून झोपायला साडेअकरा. करा हिशोब.

आणि सूज कमी करायची असेल तर पहिली गोष्ट काय म्हणून सांगतात? झोप! सलग अपुरी झोप झाली की रक्तातले हेच आकडे वर जातात. म्हणजे दादाचं सीआरपी उतरवायला वहिनीचं चढवायचं, असा हा व्यवहार. तिचं पोट कोणी मोजलं? ती पाळी गेलेल्या वयाची. याच वयात बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. गुडघे कुरकुरतात तिचे, जिना उतरताना कठडा धरते. त्या दिवशी डॉक्टरांची टेप टेबलावरच पडली होती. खुर्चीतून उठून एक हात पुढे करायचा होता. डॉक्टरांनी केला नाही, दादानं सुचवलं नाही, आणि वहिनीनं तर पर्सची चेन लावली.

"अगं पण तिला आवडतं करायला." हे वाक्य मला आमच्या घरात तीन पिढ्यांच्या पुरुषांनी ऐकवलंय. आवडतं! सरकारनं २०१९ मध्ये वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि पुरुषांमधले जे मुळात करतच नाहीत ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. पाच तास कोणाला आवडतं हो? मला माझी नोकरीसुद्धा पाच तास आवडत नाही.

हो, काही घरं वेगळी आहेत. माझ्या मित्रयादीत असे चार-सहा जण आहेत, मला ठाऊक आहे. बसा.

आणि आहार-विहारानं सगळं बरं होतं असंही मी म्हणत नाहीये. आमवातासारखं दुखणं, जे बायकांना पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं होतं, ते भाकरीनं जात नाही. त्याला तज्ज्ञ डॉक्टर आणि गोळ्याच. त्या बंद करून डबे घेणाऱ्या एक बाई आज तिथेच भेटल्या, त्यांना कोपऱ्यात घेऊन मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता थोडी शांत होते. चहा झाला.

दादाचं कौतुकही सांगते, नाहीतर म्हणाल हिला भावाचं चांगलं बघवत नाही. वहिनीच्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा ती कराडला गेली होती. दादाला वाटलं, डबा लावू. डब्यात तेलाचा तवंग बघितला आणि यादी आठवली असावी. मला फोन, "भाकरीला पाणी गरम का घेतात गं?" मी सांगितलं, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्यानं पीठ बांधलं जातं. पहिली भाकरी परातीतून तव्यापर्यंत पोचलीच नाही. पण पुढे जमायला लागली, कडेला चिरलेली का होईना. जवसाची चटणी तर त्यानं फर्मास केली. जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, भाजून कुटले तरच त्यातलं ओमेगा-३ मिळतं, हे त्यानं कुठेतरी वाचून मलाच ऐकवलं. मी म्हटलं, त्यापेक्षा बांगडा खा, तर सदाशिव पेठी चेहरा करून गप्प. रात्री बाबांना घेऊन पार्किंगमध्ये शतपावली घालायचा. पंधरा मिनिटं. जेवणानंतर एवढंही चाललं तरी शुगरचा उसळणारा आकडा बसतो. मला तेव्हा त्याचा खरंच अभिमान वाटला होता. जमतंय की याला!

वहिनी परत आली त्या संध्याकाळी मी तिथेच होते. ती पाय धुऊन स्वयंपाकघरात शिरली आणि दादा बाहेर आला. काहीही न बोलता. हात पुसत. टीव्ही लावला. परात ओट्यावर तशीच होती, अर्धं पीठ घेतलेलं. वहिनीनं पुढे मळलं.

मी काय ओरडले विचारू नका.

येत नाही म्हणून केलं नाही, हे मी समजू शकते. पण येत होतं! आणि ती जर नसेल तर स्वतःच्या पोटासाठी स्वतः दोन हात चालवता येतात, ती आली की त्या हातांना काय होतं? डॉक्टरांनी त्या दिवशी कागद दादाच्या हातात दिला असता ना, तर एवढी वर्षं... जाऊ दे. कदाचित दादानंही तो वहिनीकडेच सरकवला असता.

२०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्यातली वेताळ टेकडी वाचवण्यासाठी मोर्चा होता, तुमच्यापैकी बरेच जण होतात. मी वहिनीला म्हटलं होतं चल. टेकडी वाचली पाहिजे म्हणाली, अगदी मनापासून. आणि मग म्हणाली, "पण स्वयंपाकाचं कसं करू?" जिच्या गुडघ्यांना, पोटाला, झोपेला त्या टेकडीची सगळ्यात जास्त गरज, तिला टेकडीवर जायला नाही आणि टेकडीसाठी भांडायलाही वेळ नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं चाला म्हणतात. दीडशे मिनिटं आणायची कुठून, तर कोणीतरी दुसऱ्यानं तेवढी ओट्याशी उभं राहायचं. हे कुठल्याही डब्यावर छापलेलं नसतं.

तर आज क्लबहाऊसमधून घरी आल्यावर मी वहिनीला फोन केला, आता तुझी तपासणी. उगाच तपासण्यांचं चार हजारांचं पॅकेज वगैरे नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि सीआरपी सांगितलं. सर्दी-ताप, हिरड्या सुजलेल्या असतील तर सीआरपी उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा तसं काही असेल तर थांबा म्हणाले. आणि हो, डॉक्टरांना मी टेपेची आठवण करून दिली. क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "घेऊन या, मोजतो."

शनिवारी सकाळी जातोय आम्ही दोघी, उपाशीपोटी. तिथून तळजाईच्या टेकडीवर चालायला. परत यायला दहा वाजतील. दादा, तू हे वाचणार हे मला माहितीये, तर शनिवारचे पोहे तुझ्याकडे. बाबांना त्यांचे मऊ कर. कांदा कोणी चिरून ठेवणार नाहीये.