एका बोल्टचे १९२ हेलपाटे

हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच. त्याच्या खोक्यात चार गोष्टी येतात: नळ्यांचे गुच्छ, पॅकिंग, बोल्टची पिशवी आणि 'सहज बसतं' असं सांगणारा कागद. पहिल्या तीन खऱ्या असतात.

हेडर ज्याच्या जागी बसतो तो कंपनीचा मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा, बुटका, इंजिनाला बिलगून बसलेला. त्यात सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच बोळात घुसतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी. व्ही-एट असेल तर एका बाजूला चार, आणि चारही पुढे कलेक्टरमध्ये एकत्र. नळ्यांची लांबी जुळवलेली असली, की एकाचा धूर जाताना मागे कमी दाब सोडतो आणि पुढच्याला ओढून नेतो. तत्त्व सुरेख आहे, माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. फक्त या चार नळ्या जिथून जायच्या, तिथे स्टीअरिंगचा दांडा, स्टार्टर, डिपस्टिकची नळी, इंजिन ज्यावर टेकतं ते फाउंडेशन आणि प्लगच्या वायरी आधीच संसार थाटून बसलेल्या असतात.

काम आदल्या रात्री सुरू करायचं. गार इंजिनावर प्रत्येक बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, कारण स्टार्टरच्या जाड वायरीशेजारी लोखंडी पाना घेऊन झटापट करायची आहे. मग स्पार्क प्लगही काढून ठेवायचे. हेडर आत-बाहेर करताना त्याचा धक्का प्लगच्या चिनी मातीलाच लागतो, तडा दिसत नाही, आणि नंतर मिसफायर, म्हणजे कुठला सिलिंडर पेटत नाही ते, शोधत बसावं लागतं.

आता जुने बोल्ट. घट्ट बोल्टची भीती नसते, भीती असते ती अचानक मऊ झालेल्या बोल्टची. सुटणारा बोल्ट कुरकुरतो, किंचाळतो, इंच इंच भांडतो. तुटणारा मात्र एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो. पाना हलका झाला, मनात 'सुटला बुवा' आलं, की समजावं, डोकं हातात आहे आणि धड इंजिनाच्या हेडमध्ये. बहुतेक वेळा हे कडेच्या बोल्टचं होतं. मॅनिफोल्ड तापून लांबीत वाढतो, त्याची सगळ्यात जास्त ओढ टोकाच्या बोल्टवर येते, आणि मागचं टोक नेमकं फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, टेकलेलं असतं.

तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं. उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि धरायला डोकंही मिळतं. पृष्ठभागाला सपाट तुटला असेल तर बरोब्बर मध्यावर पंच मारून उलट्या पिळाचं ड्रिल चालवायचं. पुष्कळदा तुकडा ड्रिलबरोबरच बाहेर येतो. तुटका बोल्ट आतून पकडून उलटा फिरवणारा एक्स्ट्रॅक्टर अगदी शेवटी. तो कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ. आत तुटला तर साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं.

लांब नळ्यांचा हेडर बहुधा खालूनच जातो, त्यामुळे गाडी जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर उंच हवी. तरीही अर्ध्यात अडकला तर हातोडी उचलू नये. त्या बाजूच्या फाउंडेशनचा बोल्ट काढायचा, ऑइल चेंबरखाली जाड फळी ठेवून इंजिन इंचभर वर घ्यायचं. उचलताना एक नजर पंख्यावर, एक मागे फायरवॉलवर. आणि हेडर कोणत्या कोनात आत गेला ते तेवढ्यात बघून ठेवावं, पुन्हा काढायची वेळ आली तर तो कोन कुणीच सांगत नाही.

मग बसवणं. दोन्ही टोकांचे बोल्ट आधी दोन-तीन आटे बोटांनी लावायचे. पॅकिंगच्या टोकाची भोकं खालून चिरून घेतली, तर ते या बोल्टांवर शर्टासारखं अडकवता येतं आणि तिसऱ्या हाताची गरज उरत नाही. मधले बोल्टही आधी हातानेच. पाना घाईने लावून अॅल्युमिनियम हेडचे आटे झडले, तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवण्याचा वेगळा अध्याय सुरू होतो.

आणि आता तो बोल्ट. प्रत्येक हेडरमध्ये एक असतोच: नळीच्या वळणामागे, जिथे गोटी पाना जात नाही, रिंग पाना जात नाही, बोटं कशीबशी पोचतात. तिथे फिक्स पाना. त्याचं तोंड १५ अंश वाकडं असतं, म्हणून दर वेळी पालथा-उलथा करत ३० अंश मिळतात. आठ मिलिमीटरच्या बोल्टला सव्वा मिलिमीटरवर एक आटा, आत जायचाय वीस मिलिमीटर, म्हणजे १६ फेरे. एका फेऱ्याला १२ खेपा. एकूण १९२. तेही डोळ्यांनी न बघता, कारण बघायला डोकं घातलं की हात मावत नाही. बोल्ट लहान डोक्याचा असला, तर पान्याला जरा ऐसपैस वाटतं. एवढं करूनही नाही जमलं तर लोक चांगला पाना ग्राइंडरवर अर्धा कापतात. मला हा निर्णय अगदी विवेकी वाटतो.

कसताना मधून सुरुवात करून कडेला जायचं, दोन टप्प्यांत, कागदावर दिलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे पिळण्याच्या जोरापर्यंत. टॉर्क पाना पोचत नसेल तर क्रोफूट, म्हणजे पान्याचं सुटं तोंड, लावायचा आणि तो दांड्याशी काटकोनात धरायचा. सरळ रेषेत धरला तर दांडा लांब होतो आणि दिसतो त्याहून जास्त जोर बसतो. धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांना ते जाम होऊ न देणारं अँटीसीज लावायचं, टोकाला मात्र अजिबात नाही. प्लगची वायर नळीला चिकटू पाहत असेल तर उष्णतारोधक बाही आताच चढवावी, रबर वितळल्यावर नको.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं, की धूर निघतो. घाबरू नका, तेलकट बोटांचे ठसे आणि वरचा लेप जळतोय. त्या धुरातून टिक्-टिक् ऐकू येत असेल, तर मात्र तो झडपा हलवणाऱ्या टॅपेटचा आवाज असावा अशी स्वतःची समजूत घालू नका. पॅकिंगमधून हवा गळतेय.

इंजिन पूर्ण थंड झालं, की सगळे बोल्ट पुन्हा कसायचे, कारण नवं पॅकिंग पहिल्याच उष्णतेत दबतं. तो वळणामागचाही. त्यासाठी तो कापलेला पाना लागतो, आणि तो बहुतेक इंजिनाखालच्या आडव्या क्रॉसमेंबरवर पडलेला असतो, हेडरच्या पलीकडे.