हप्ता बँकेत टाका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नात्यातल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: आरोग्य विमा कंपनीला तुमच्या तब्येतीशी काही देणंघेणं नाही, चालण्याचं ॲप म्हणजे तुमची माहिती काढून हप्ता वाढवायची युक्ती, मनाच्या आजाराला एक पैसा मिळत नाही, क्लेमच्या वेळी तर अडवतातच. सबब हप्ता बँकेत टाका.

देणंघेणं नाही? ज्याला हार्ट ॲटॅक येत नाही तो ग्राहक कंपनीला परवडतो. तिला तुमच्यावर प्रेम नसेल, पण हिशेब नक्की कळतो. टीकाच करायची तर खरी दुखरी जागा वेगळी आहे. पॉलिसी बहुतेक एका वर्षाची, आणि वाढलेली साखर मूत्रपिंडापर्यंत पोचायला कित्येक वर्षं घेते. तोवर ग्राहक पॉलिसी पोर्ट करून दुसरीकडे गेलेला असू शकतो. आज माझ्या साखरेवर खर्च करायचा आणि फायदा प्रतिस्पर्ध्याला, हे कोण करेल? म्हणून बऱ्याच कंपन्या वार्षिक तपासणी, फोनवर डॉक्टरचा सल्ला अशा स्वस्त सोयींवर थांबतात. त्या सोयी मात्र खऱ्या आहेत, आणि हप्त्यात त्यांचे पैसे आपण भरलेलेच असतात. तपासणी न करता वर्ष घालवणारे कमी नाहीत.

आता ॲप. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२०च्या नियमांनुसार वेलनेस पॉइंट्सवर, म्हणजे चालणं-व्यायाम यांसाठी मिळणाऱ्या गुणांवर, नूतनीकरणात सवलत, ओपीडी (दाखल न होता घेतलेले उपचार), औषधं, तपासण्या देता येतात. चालणं कमी झालं की सवलत हुकते, एवढंच. नूतनीकरणाचा हप्ता तुमच्या एकट्याच्या क्लेमवरून वाढवता येत नाही. वाढ होते ती त्या योजनेतल्या सगळ्यांची किंवा वयाचा टप्पा ओलांडल्याची. मात्र पॉइंट्सनी तब्येत सुधारते, हा जाहिरातवाल्यांचा दावाही मला पटत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून अशा कार्यक्रमाचा अभ्यास केला, २०१९मध्ये छापला. त्यात भाग घेणारे मुळातच जास्त निरोगी होते, आणि कार्यक्रमामुळे वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा पॉइंट्स बघून पॉलिसी निवडू नका.

मनाच्या आजाराबद्दलचं वाक्य सरळ शिळं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८पासून लागू आहे. त्याच्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यायला हवा. अडचण आहे ती वेगळीच: बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देतात, आणि समुपदेशन होतं बाहेर. ओपीडीचं संरक्षण आहे का, हे घेतानाच विचारा.

बँकेचा हिशेब तर मेसेजवाल्याने केलेलाच दिसत नाही. वर्षाला २० हजार टाकले तर तिसऱ्या वर्षी जमतात ६० हजार आणि वर थोडं व्याज. बायपास दहा वर्षं थांबते का? अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००८मध्ये सरकारी विम्याच्या जागा सोडतीने वाटल्या गेल्या. सुमारे दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा रक्तदाब, कोलेस्टेरॉलमध्ये ठळक फरक नव्हता, पण नैराश्य बरंच कमी झालं होतं आणि घर बुडवणारी बिलं जवळजवळ नाहीशी झाली होती. विम्याचा तब्येतीला सगळ्यात मोठा आधार माझ्या मते हाच.

राहिलं अडवणं. ते होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या (बिल थेट कंपनीने भरण्याच्या) विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती आल्यापासून तीन तासांत. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारलं तर ते भागधारकांच्या निधीतून कंपनीने भरायचं. म्हणून कागद कधी गेले त्याची वेळ रुग्णालयातल्या टीपीए डेस्ककडून (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या खिडकीवरून) लिहून घ्या. तक्रार आधी कंपनीकडे लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. शुल्क नाही, वकीलही लागत नाही.