४.८७ मीटर ही लाटेची उंची नाही, भरतीची आहे

मृग लागला की दरवर्षी हा मेसेज येतो, तसा यंदाही आला. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, दुपारी ऐरोलीच्या मैत्रिणीकडून आणि संध्याकाळी ठाण्याला कोपरीत राहणाऱ्या मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘उद्या दुपारी १२.४० वाजता समुद्रात ४.८७ मीटर उंचीच्या लाटा उसळणार. म्हणजे तब्बल १६ फूट! ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूरमधील खाडीलगतच्या रहिवाशांनी तळमजला रिकामा ठेवावा. २६ जुलैला लाटा ४.४८ मीटरच्याच होत्या, या वेळी त्याहून मोठ्या आहेत. भरती ओसरली की धोका टळेल. पुढच्या आठवड्यात लाटा सव्वातीन मीटरवर येत असल्याने समुद्रावर जायला हरकत नाही.’

माझं माहेर नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात, सासर तिथून हाकेच्या अंतरावर सीवूड्सला. बाबांचं सगळं आयुष्य पनवेल खाडीत डोल, म्हणजे मासे धरायचं जाळं, लावण्यात गेलं. हा मेसेज त्यांना वाचून दाखवला की ते आधी आकडा परत विचारतात, मग म्हणतात, ‘पानी बरोबर सांगलंय, लाटंचं काय?’ खरी गोम तिथेच आहे. आकडा खरा आहे, वेळही खरी आहे. चुकलाय तो ‘लाटा’ हा एकच शब्द, पण पुढची सगळी वाक्यं त्याच शब्दावर उभी आहेत. शेवटचं वाक्य तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहिते.

‘४.८७ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’

हा भरतीचा आकडा आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक चंद्र-सूर्याच्या ओढीचं गणित मांडून तयार होतं आणि वर्ष सुरू व्हायच्या आधीच छापून हातात येतं. पुढच्या वर्षी आषाढातल्या अमुक दुपारी पाणी किती चढेल, हे आजच सांगता येतं. लाटेचं तसं नाही. लाट वाऱ्याने उठते. वारा किती जोराचा, किती वेळ आणि समुद्राच्या किती मोठ्या पट्ट्यावर वाहिला, यावर तिची उंची ठरते, आणि पुढच्या आषाढातला वारा आज कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा जो आकडा वर्षभर आधी छापता येतो तो लाटेचा असूच शकत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी मेसेजचं पहिलं वाक्य गळून पडतं.

आता ते ४.८७ मोजायचं कुठून? शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी नव्हे. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर उतरतं, त्याच्या आसपासची ती रेघ आहे. मुंबईच्या समुद्राची सरासरी पातळीच त्या रेघेच्या सुमारे अडीच मीटर वर असते. नेहमीच्या अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती साधारण ४.४ मीटरची, तर अष्टमी-नवमीच्या भांगाची, म्हणजे पाणी कमी चढतं त्या दिवसांतली, भरती साधारण ३.३ मीटरची. म्हणजे ज्या ४.८७ वर एवढी भीती पसरली, ती भरती दर पंधरवड्याच्या उधाणापेक्षा अर्धा मीटरसुद्धा जास्त नाही. गुडघाभर म्हणा.

ती चढते कशी, हे बघायचं असेल तर उधाणाच्या दिवशी दिवाळ्याच्या जेट्टीवर येऊन उभं राहावं. खांबांना कालवं, म्हणजे शिंपल्या, चिकटलेली असतात, पण एका रेघेपर्यंतच, त्याच्यावर खांब कोरा. सकाळी त्या रेघेखाली चिखल दिसत असतो आणि होड्या कुशीवर कललेल्या असतात. मग पाणी लागतं. फेस नाही, आवाज नाही. आधी चिखलातल्या चरांमधून, मग सगळीकडून. होड्या सरळ होतात, दोर सैल पडतात, कालवांची रेघ दिसेनाशी होते. सकाळी जेट्टीवरून होडीत खाली उतरावं लागत होतं, तिथे दुपारी सपाट पाऊल पडतं. याला सहा तास लागतात. आमच्याकडे याला ‘पाणी भरलं’ म्हणतात, लाट आली असं कोणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट. साडेचार मीटरवरची भरती फक्त पावसाळ्यातच येते असंही नाही. डिसेंबर-जानेवारीतही येते, मात्र पावसाळ्यातली मोठी भरती दिवसाची आणि हिवाळ्यातली रात्रीची. तेव्हा समुद्र शांत असतो, रात्रभर होड्या बाहेर असतात. भरतीचा आकडा तोच, लाट मात्र घोट्याएवढी.

मग मरीन ड्राइव्हच्या भिंतीवर उडणाऱ्या त्या फवाऱ्याचं काय? ते फोटो खरे आहेत. लाटेच्या उंचीच्या सव्वापटीइतकी खोली उरली की लाट साधारणपणे फुटते. ओहोटीला तेवढी खोली किनाऱ्यापासून लांबच संपते, लाट तिथेच फुटून विरते. भरतीला खोली थेट भिंतीपर्यंत असते, म्हणून तीच लाट न फुटता आत येते आणि भिंतीवर आदळते. लाट कुठे फुटणार हे भरती ठरवते, केवढी असणार हे वारा ठरवतो. खडकाळ टोकाशी तर हे आणखी स्पष्ट दिसतं. लाट टोकाला वळसा घालून एका कडेने फुटत जाते, आणि पाणी हातभर चढलं-उतरलं की फुटायची जागाच बदलते. लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुलं म्हणूनच भरतीची वेळ आणि लाटेची उंची या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघतात.

‘खाडीलगतच्या रहिवाशांनी तळमजला रिकामा ठेवावा’

समुद्रात खरोखरच पाच मीटरच्या लाटा असल्या, तरी त्या वाशीला पोचत नाहीत. ठाण्याच्या खाडीच्या पश्चिमेला अख्खी मुंबई आडवी आहे, तोंड दक्षिणेला बंदराकडे उघडतं. अरबी समुद्रातली लाट त्या वळणातून आत येईपर्यंत दम सोडते. वाशीच्या पुलाखाली दिसतात त्या तिथल्याच वाऱ्याने उठलेल्या बारक्या लाटा. भरतीचं पाणी मात्र आत येतं, अगदी ठाण्यापर्यंत, मुंबईपेक्षा थोडं उशिराने.

नवी मुंबईत पाणी साचतं, हे खरंच आहे. पण त्याचं कारण वेगळं. शहराचा बराचसा भाग खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, भराव टाकून उभा राहिला, आणि मोठ्या भरतीच्या वेळी खाडीचं पाणी त्या जमिनीपेक्षा वर असतं. हे ओळखूनच शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव आणि झडपा बांधल्या. भरती आली की झडप बंद होते, खाडीचं पाणी बाहेरच राहतं, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की निघून जातं. धोका कधी? झडप बंद असतानाच जोराचा पाऊस पडला आणि तलावात तेवढी जागा नसली, तेव्हा. आज या तलावांमध्ये गाळ साचला आहे, खारफुटी वाढली आहे. बोलायचंच असेल तर त्यावर बोलू या. मेसेज मात्र पावसाचा ‘प’ही काढत नाही. नुसती भरती ४.८७ ची असेल आणि आभाळ कोरडं असेल, तर बेलापूरच्या तळमजल्यावरून पाट-रांजण हलवायचं काही कारण नाही. मावशीने त्या रात्री गुडघे दुखत असताना तांदळाचे डबे माळ्यावर चढवले. थेंबभर पाऊस पडला नाही.

‘२६ जुलैला लाटा ४.४८ मीटरच्याच होत्या’

२००५ च्या २६ जुलैला दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, हे खरं. त्या दिवसाच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हेही खरं. आणि त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस झाला तो जेमतेम ७३ मिलिमीटर. भरती दोन्हीकडे तीच होती. कुलाबा तर समुद्रात घुसलेलं टोक, तरी माणसं वाहून गेली ती उपनगरांत आणि ठाणे जिल्ह्यात. ४.४८ ची भरती वर्षातून अनेकदा येते आणि जाते. आकडाच मारत असता तर आपण दर वर्षी कितीतरी २६ जुलै बघितले असते.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. १७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी होती, म्हणजे उधाण उतरणीला लागलेलं. मेसेजच्या हिशेबाने तो दिवस सुरक्षितच. त्याच दिवशी गेटवेच्या कठड्यावरून समुद्र आत येत होता, आणि खोल समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून कित्येक कामगारांचे प्राण गेले.

‘भरती ओसरली की धोका टळेल’

साचलेल्या पाण्यापुरतं हे बरोबर आहे. समुद्रात उतरणाऱ्यासाठी ते साफ उलटं आहे. ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडातून बाहेर धावतं, त्यात सापडलेला माणूस समुद्राकडेच ओढला जातो. आणि बाहेर जाणाऱ्या त्या पाण्यावर समोरून लाट आली की ती आखूड होते, उभी राहते. आमची माणसं खाडीच्या तोंडाशी भरतीपेक्षा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जास्त जपतात, ते यासाठीच.

‘पुढच्या आठवड्यात लाटा सव्वातीन मीटरवर, समुद्रावर जायला हरकत नाही’

मी हे लिहायला बसले ते या वाक्यासाठी. बाकीच्या वाक्यांनी फार तर माणूस घाबरतो. या वाक्याने तो निर्धास्त होतो.

सव्वातीन मीटर ही भांगाची भरती. चंद्र अर्धा असल्याने पाणी कमी चढतं, एवढाच त्याचा अर्थ. नैऋत्येचा वारा अर्ध्या चंद्राची वाट बघत नाही. पावसाचा जोर असतो तेव्हा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साडेतीन-चार मीटरच्या लाटांचे इशारे निघतात, ते अष्टमीलाही निघतात आणि अमावास्येलाही.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या नणंदेचा मुलगा मित्रांबरोबर अलिबागकडे एका किनाऱ्यावर गेला. निघताना फोनवर हाच मेसेज दाखवून म्हणाला, ‘मामी, आज फक्त ३.३ च्या लाटा आहेत, अमावास्येला ४.८ होत्या.’ मी स्वयंपाकात होते. ‘जपून’ एवढंच म्हटलं. दुपारी अकराचा सुमार, ओहोटी चालू, ऊन पडलेलं. पोरं गुडघाभर पाण्यात उभी होती. एक मोठी लाट आली, ती परतताना पायाखालची वाळूच घेऊन गेली. दुसऱ्या लाटेने त्याला आडवं केलं, आणि तिसरीपर्यंत तो पन्नास पावलं आत होता. शहाळी विकणाऱ्या दोन मुलांनी टायरची ट्यूब घेऊन उडी मारली, म्हणून तो आज आहे. दोन दिवस दवाखान्यात होता. त्याच्या छातीतून खोकल्याबरोबर येणारा तो घरघर आवाज अजून माझ्या कानात आहे. मला भरती आणि लाट यांतला फरक जन्मापासून माहीत होता. मी गॅस बंद करून त्याला दोन मिनिटं बसवून सांगायला हवं होतं.

लाटेचा अंदाज वेगळा मिळतो. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला सगळे ‘इन्कॉइस’ म्हणतात, ते रोज देतं. त्यात तीन गोष्टी बघायच्या: उंची, दोन लाटांमधला वेळ आणि दिशा. उंची म्हणून दिलेला आकडा हा सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. म्हणजे ‘अडीच मीटर’ लिहिलं असेल तर मधूनच एखादी लाट त्याच्या दीडपट, कधी जवळपास दुप्पटही येते. माझ्या भाच्याला आडवं करणारी बहुधा तशीच एखादी.

दोन लाटांमधला वेळ तर लोक बघतच नाहीत. सहा सेकंदांनी येणारी लाट जवळच्या वाऱ्याची, खोल पाण्यात तिची लांबी पन्नास-साठ मीटर. बारा सेकंदांनी येणारी लाट लांबून आलेली, तिची लांबी सव्वादोनशे मीटरच्या घरात. उंची सारखी असली तरी दुसरीत पाण्याचा केवढा तरी मोठा लोट मागून ढकलत असतो. तिच्या दोन माथ्यांच्या मधे समुद्र निवल्यासारखा दिसतो, आणि माणूस दोन पावलं पुढे जातो. अशी लाट हजारो किलोमीटर दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळातून, इथे वाऱ्याची झुळूकही नसताना येऊ शकते. म्हणून ‘ऊन आहे, वारा नाही’ हीसुद्धा समुद्रात उतरायची परवानगी नव्हे.

पावसासाठी कुलाबा वेधशाळेचा इशारा बघायचा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अतिवृष्टीचा शेवटचा टप्पा. हे आकडे भरतीच्या वेळेशी जुळवून बघितले, तर वाशी-बेलापूरला पाणी साचेल का याचा अंदाज घरबसल्या येतो.

आता मी ग्रुपवर तो मेसेज आला की खाली तीन ओळी लिहिते. भरती: किती वाजता, किती मीटर. लाटा: किती मीटर, किती सेकंदांनी. पाऊस: कोणत्या रंगाचा इशारा. काल रात्री खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वैयक्तिक फोन केला. रविवारी नातवंडांना घेऊन किहीमला जायचं ठरलंय म्हणाल्या, आणि विचारलं, ‘भरती तर कळली गं, पण लाटेची ओळ अजून रिकामी ठेवलीयस ती?’ रविवारचा अंदाज शनिवारी संध्याकाळी बघून भरते, तोवर गाडी ठरवू नका, असं त्यांना सांगितलंय.