तो ‘सदा आनंदी’वाला मेसेज पुढे पाठवू नका

‘ज्याचा ख्रिस्तावर खरा विश्वास, तो कधी दुःखी होत नाही, रडणं म्हणजे विश्वास कमी’, असा मेसेज फिरतोय. खाली बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन जोडलंय, ४:४. मागच्या आठवड्यात मीही तो न तपासता पाठवला, चूक माझीच.

वचन खरं आहे: ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.’ अर्थ मात्र पदरचा आहे. काल पूर्ण पत्र वाचलं (चारच अध्याय आहेत, अर्धा तासही लागत नाही). ते लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासातून लिहितोय. दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याचं सांगतो आणि म्हणतो, देवाने दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे आनंद करा म्हणणाऱ्या त्याच माणसाच्या मनात दुःखही होतं, आणि ते त्याने लपवलं नाही. आपला मित्र लाजर याच्या मरणाच्या वेळी तर येशू स्वतः रडला (योहान ११:३५).

पौल ज्या आनंदाबद्दल बोलतो तो प्रभूच्या सोबतीतला. डोळ्यांत पाणी असतानाही तो टिकतो, निदान मला तरी पत्र वाचून हेच दिसलं.

कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल आणि हा मेसेज तिथे पोहोचला, तर? माझ्याकडून आलेला असेल तर कृपया डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलात त्यांनाही हे कळवा.